मुले मोठी झाल्यावर परदेशातील मुक्कामाची तजवीज

मूल आठ वर्षांचे असते तोवर परदेशातील मुक्कामाचा प्रश्न फारसा बिकट होत नाही. ते आईवडिलांच्या पलंगावर आडवेतिडवे कसेही सामावते, हॉटेलच्या नोंदवहीत त्याची गणना बहुधा शून्यच धरली जाते, आणि रात्री नऊला दिवा मालवला तरी त्याची तक्रार नसते. परंतु तेच मूल वीस-बावीस वर्षांचे होऊन, स्वतःच्या नोकरीच्या व पगाराच्या गोष्टी करीत आपल्याबरोबर सहलीस निघाले, म्हणजे मागल्या खेपेचा सगळा हिशेब रद्दबातल होतो. आणि तरीही आपल्याकडील पुष्कळ सुबुद्ध कुटुंबे, जुन्या सवयीने, एकाच खोलीत जादा गादी टाकून घेऊ या भरवशावर विमानाची तिकिटे काढून मोकळी होतात व मुक्कामाचा विचार मागाहून करतात. महाबळेश्वरास किंवा गणपतीपुळ्यास ही युक्ती अद्यापि चालते. रोम, पॅरिस वा लंडन येथे ती चालत नाही, आणि का चालत नाही हे आधी समजावून घेतले तर पुढील बहुतेक मनस्ताप टळतो.

पहिली गोष्ट वयाची. 'मूल' कोणास म्हणावे याविषयी जगातील हॉटेलवाल्यांचे एकमत नाही. युरोपातील पुष्कळ हॉटेले बाराव्या वर्षीच मुलास प्रौढांच्या पंक्तीस बसवतात. इंग्लंडातील 'प्रीमियर इन'सारख्या माफक दराच्या साखळीत कुटुंबाची खोली असते ती दोन प्रौढ आणि पंधरा वर्षांपर्यंतची दोन मुले एवढ्यांसाठीच. सोळा पुरी झाली की तो दरवाजा बंद. अमेरिकेतील बहुतेक मोठ्या साखळ्या अठरा वर्षे पुरी होईतो आईवडिलांच्या खोलीत मुलास विनामूल्य राहू देतात, आणि अठरानंतरही तेथे अडचण कमी येते, कारण तेथील सामान्य खोलीत पाच-पाच फूट रुंदीचे दोन पलंग असतात व चार प्रौढांस ती खोली, क्वचित थोडी जादा रक्कम घेऊन, बिनतक्रार दिली जाते. युरोप खंडात मात्र दोघांची खोली ही खरोखरच दोघांची असते. फ्रान्समध्ये जुन्या हॉटेलांतून दोघांचा म्हणून जो पलंग असतो त्याची रुंदी कित्येकदा एकशे चाळीस सेंटिमीटर, म्हणजे साडेचार फुटांच्या आसपास भरते. भिंत व पलंग यांच्यामध्ये बॅग उघडून ठेवण्याइतकी जागा मिळाली तर नशीब. शिवाय खोलीत किती माणसे असावीत हे आगीच्या बंदोबस्ताच्या नियमांनी व परवान्याने ठरलेले असते, व्यवस्थापकाच्या सौजन्याने नव्हे. त्यामुळे तेथे रदबदली करून काही निष्पन्न होत नाही.

यावर काही चतुर मंडळी निराळाच तोडगा काढतात. आरक्षणाच्या वेळी बावीस वर्षांच्या चिरंजीवांचे वय अकरा लिहायचे, किंवा दोघांचीच नोंद करून चौघांनी जायचे, आणि प्रसंग आलाच तर भोळेपणाचा आव आणायचा. हा तोडगा नीतीच्या दृष्टीने कसा आहे ते ज्याचे त्याने ठरवावे. व्यवहाराच्या दृष्टीने तो निश्चितपणे वाईट आहे. इटलीत प्रत्येक पाहुण्याच्या पारपत्राचा तपशील आगमनापासून चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे पाठवण्याचे बंधन यजमानावर आहे. स्पेनमध्ये डिसेंबर २०२४ पासून ही नोंद अधिकच तपशीलवार घेतली जाऊ लागली आहे. म्हणजे टेबलापाशी चार पारपत्रे ठेवावीच लागणार आणि त्यांवरील जन्मतारखा काही आपल्या सोयीने बदलणार नाहीत. मग रात्री दहा वाजता, गाव भरलेले असताना, दुसरी खोली सांगतील त्या दराने घेणे किंवा बॅगा ओढीत बाहेर पडणे हे दोनच मार्ग उरतात. तेव्हा शोध घेतानाच 'प्रौढ चार' असे स्वच्छ लिहावे. पर्याय थोडे दिसतील, दर चढे दिसतील, पण जे दिसेल ते खरे असेल.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मोठ्या मुलांसह राहण्याची जागा निवडताना लोक खाटा मोजतात. माझ्या मते दारे मोजावीत. किती जण निजू शकतील हा प्रश्न दुय्यम आहे. किती जणांस आपल्या मागे दार लोटून घेता येईल, हा खरा प्रश्न. याचे कारण आपल्या घरांतही सापडते. जो मुलगा पुण्याच्या घरी स्वतःची खोली आतून लावून घेतो, तो मिलानमध्ये दहा दिवस वडिलांच्या घोरण्याशेजारी प्रसन्न चित्ताने राहील अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याच्या पितृभक्तीची अकारण परीक्षा पाहणे होय. आणि वडिलांनाही चार निवांत क्षण हवेच असतात, हे मुलांच्या लक्षात येत नसले तरी.

भाड्याच्या सदनिकांच्या जाहिरातींत या बाबतीत फार फसगत होते. 'चार जणांची सोय' असे ठळक लिहिलेले असते. छायाचित्रांत खिडकीतून उतरत्या लाल कौलांचे दृश्य, फळांची परडी, पांढरेशुभ्र टॉवेल. तपशील वाचू जाता कळते की निजण्याची खोली एकच असून उरलेल्या दोघांनी दिवाणखान्यातील सोफा उलगडून त्यावर झोपायचे आहे, आणि स्वयंपाकाचा ओटा त्याच दिवाणखान्याच्या एका भिंतीला आहे. आता उन्हाळ्यात मध्य युरोपचे घड्याळ आपल्या मागे साडेतीन तास असते, हे ध्यानी घ्यावे. नाशिकला सकाळी सातला उठणाऱ्या गृहस्थास झुरिकमध्ये पहिले चार दिवस पहाटे साडेतीनलाच टक्क जाग येते. बाहेर अंधार, दुकाने बंद, करायला काही नाही, आणि चहाची तलफ तर आली आहे. ते पावलांचा आवाज न करता बाहेर येतात. किटली ओट्यावर, ओट्यापासून हातभर अंतरावर सोफा, आणि सोफ्यावर एक वाजेतो मित्राशी फोनवर बोलून नुकतीच झोपी गेलेली कन्या. किटलीतले पाणी उकळू लागल्यावर त्या शांततेत जो आवाज होतो तो ज्याने ऐकला आहे त्यास सोफ्याच्या पलंगाचे अर्थशास्त्र पुन्हा शिकवावे लागत नाही. म्हणून नकाशा नसेल तर यजमानास सरळ विचारावे: दार असलेल्या निजण्याच्या खोल्या किती, प्रत्येकीत पलंग किती व कोणते, एका खोलीतून दुसरीत जावे लागते काय, आणि स्वयंपाकघर वेगळे आहे की दिवाणखान्यात. जुन्या इमारतींतून दुसरी खोली पहिलीतूनच उघडते असा प्रकार पुष्कळदा आढळतो.

दारांच्या या हिशेबात न्हाणीघराचे दार सर्वांत मोलाचे. चार प्रौढ माणसे, त्यांतील निदान दोघांना बाहेर पडण्यापूर्वी स्नान केल्यावाचून चैन पडत नाही, आणि पावणेनऊची आगगाडी: या समीकरणात एक न्हाणीघर पुरत नाही. शयनगृहे दोन आणि न्हाणीघर एक अशी जागा व शयनगृहे दोन आणि न्हाणीघरे दोन अशी जागा यांच्या दरात जो फरक असतो, तो देण्यासारखा खर्च मी या साऱ्या प्रकरणात पहिला मानतो. ते जमत नसेल तर शौचकूप स्नानगृहापासून अलग आहे काय ते पाहावे. फ्रान्समधील जुन्या घरांत तशी रचना पुष्कळदा असते व तिने निम्मा पेच सुटतो. काही घरांत गरम पाण्याची टाकी लहान असते आणि तिसऱ्याच्या वाट्यास कोमट, चौथ्याच्या वाट्यास थंड पाणी येते. पूर्वीच्या पाहुण्यांच्या अभिप्रायांत ही तक्रार शोधल्यास सापडते.

स्वयंपाकघराच्या मोहाविषयीही दोन शब्द. खिचडी, वरणभात, फार तर पोहे, येथवर ते उपयोगी पडते व खर्चही वाचवते. पण लंडन अथवा न्यूयॉर्क येथील सदनिकेत मोहरी, हिंग आणि सुकी मिरची तापलेल्या तेलात टाकली की छतावरील धूरसूचक यंत्र कर्णकर्कश ओरडू लागते. ओट्यावरील पंखा आधी लावावा, तेल धुरावेपर्यंत तापवू नये, आणि घराबाहेरचा जिना धुराने भरेल असे दार तर मुळीच उघडू नये, कारण काही इमारतींत तसे केल्याने सगळ्या इमारतीची घंटा वाजते. बाकी मोठ्या मुलांना तेथील रस्त्यावरचे खायचे असते आणि आईने सुट्टीत ओट्यापाशी उभे राहावे असे तिलाही वाटत नसते. तेव्हा स्वयंपाकघर असले तर उत्तम, परंतु केवळ त्याच्यासाठी एक शयनगृह वा न्हाणीघर गमावू नये.

सदनिका कायदेशीर आहे काय, हा प्रश्न दहा वर्षांपूर्वी कोणी विचारीत नसे. आज तो पहिल्या पाचांत येतो. पर्यटकांस अल्पमुदतीने दिलेल्या घरांमुळे स्थानिक भाडेकरूंस जागा मिळेनाशा झाल्या, तेव्हा शहरोशहरी नियमांचा बडगा उगारला गेला. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून अंमलात आलेल्या तरतुदीनुसार तीस दिवसांहून कमी मुदतीसाठी घर द्यायचे तर यजमान स्वतः तेथे राहत असला पाहिजे व पाहुणे दोनच असले पाहिजेत. अर्थात चौघांच्या कुटुंबास तेथे सबंध सदनिका मिळण्याची वाट कायद्याने बंद आहे. सिंगापुरात खासगी घर तीन महिन्यांहून कमी काळ भाड्याने देणे निषिद्ध आहे. थायलंडमध्ये हॉटेलचा परवाना नसता तीस दिवसांहून कमी मुदतीने सदनिका देणे बेकायदा ठरते, जाहिराती कितीही दिसोत. ॲमस्टरडॅममध्ये खासगी घरात एका वेळी चारच पाहुणे चालतात. आजीसह पाच जण असाल तर हॉटेलकडेच वळावे. बार्सिलोनाने तर २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत पर्यटकांच्या सदनिकांचे सगळे परवाने, जे दहा हजारांच्या घरात आहेत, संपुष्टात आणण्याचे जाहीर केले आहे. पॅरिस व लंडन येथे रहिवाशाने आपले राहते घर वर्षातून नव्वद रात्रींहून अधिक देऊ नये अशी मर्यादा आहे, आणि इटलीत २०२५ पासून प्रत्येक जागेचा राष्ट्रीय ओळख-क्रमांक जाहिरातीत छापणे आवश्यक आहे. हा क्रमांक किंवा नोंदणीचा उल्लेख जाहिरातीत नसेल, तर जागा कितीही मोहक असो, पुढे जावे. ऐनवेळी रद्द झालेल्या जागेचे पैसे परत मिळतात, पण जुलै महिन्यात चौघांसाठी दुसरी जागा मिळत नाही.

या सर्व कारणांनी माझा स्वतःचा कल मधल्या मार्गाकडे, म्हणजे ज्यास हल्ली 'अपार्ट-हॉटेल' म्हणतात त्या प्रकाराकडे आहे. सिटाडीन, अडाजिओ, स्टेसिटी अशा साखळ्यांची ही ठिकाणे युरोपातील बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. परवाना हॉटेलचा, टेबलापाशी माणूस बसलेला, लिफ्ट चालू, आणि आत ओटा व दार असलेल्या खोल्या. दर थोडा अधिक पडतो. पॅरिसमधील पाचव्या मजल्यावरील, लिफ्ट नसलेल्या, 'अतिशय रम्य' सदनिकेपर्यंत तेवीस-तेवीस किलोच्या चार बॅगा वर्तुळाकार जिन्याने चढवून झाल्यावर तो फरक क्षुल्लक वाटू लागतो. आणि लिफ्ट आहे एवढ्यावरही विसंबू नये. जुन्या इमारतीत ती मागाहून जिन्याच्या पोकळीत बसवलेली असते व तिच्यात दोन माणसे किंवा एक माणूस व एक बॅग यांपैकी एकच काही मावते.

सदनिका की हॉटेलच्या दोन खोल्या, याचा निवाडा दिवसांच्या संख्येवरही अवलंबून आहे. सदनिकेत सफाईची रक्कम, मुक्काम दोन रात्रींचा असो वा सात, एकदाच आकारली जाते. त्यामुळे अल्प मुक्कामात ती रात्रीमागे फार जड जाते आणि दीर्घ मुक्कामात विरून जाते. तेव्हा जाहिरातीतील रात्रीचा दर न पाहता सर्व आकारांसह शेवटची रक्कम काढावी, तिला रात्रींच्या संख्येने भागावे आणि मग तुलना करावी. स्वित्झर्लंडच्या डोंगराळ गावांतील सुट्टीची घरे पुष्कळदा शनिवार ते शनिवार अशीच दिली जातात; तेथे शेवटच्या सफाईचा आकार, पर्यटकांचा कर आणि कोठे कोठे चादरींचे भाडे निराळे असते. त्याच देशात इंटरलाकेनसारख्या ठिकाणी मुक्काम केल्याबद्दल पाहुण्यास जे कार्ड मिळते त्यावर स्थानिक बस फुकट असते, हे मात्र विसरू नये; टेबलावरचा माणूस ते आपणहून देईलच असे नाही. जाता जाता एवढेही सांगून ठेवतो की तेथील रेल्वेत पंधरा वर्षांपर्यंतची मुले पास असलेल्या आईवडिलांबरोबर फुकट जातात, पण सोळा ते चोवीस या वयाच्यांस फक्त तीस टक्के सवलतीचा पास मिळतो. अंदाजपत्रक करताना ही रक्कम मुक्कामाइतकीच बोलकी ठरते.

करांचेही तेच. रोममध्ये दहा वर्षांवरील प्रत्येक पाहुण्यावर दर रात्रीस नगरपालिकेचा कर आहे. तीन तारांकित हॉटेलात तो माणशी सहा युरो, म्हणजे चौघांच्या पाच रात्रींचे एकशे वीस युरो झाले, आणि ते आरक्षणाच्या रकमेत बहुधा धरलेले नसतात, तेथे पोचल्यावर द्यावे लागतात. ॲमस्टरडॅममध्ये खोलीच्या दरावर साडेबारा टक्के. दुबईत मात्र हा आकार माणसांवर नसून खोलीवर, सात ते वीस दिरहॅम, असल्यामुळे मोठ्या कुटुंबास हलका पडतो.

हॉटेलच्या दोन खोल्या घ्यायच्या ठरल्यास कोणी कोणाबरोबर राहावे हे घरी बसून ठरवावे, टेबलापाशी नव्हे. चोवीस वर्षांचा भाऊ आणि वीस वर्षांची बहीण यांना एक पलंग असलेली खोली देऊन चालणार नाही. दोन स्वतंत्र पलंग लेखी मागावेत. जर्मनी व ऑस्ट्रियात दोघांच्या पलंगावर बहुधा दोन अलग गाद्या व दोन अलग पांघरुणे असतात, पण चौकट एकच असते. आई व मुलगी एका खोलीत, वडील व मुलगा दुसऱ्या खोलीत, ही वाटणी आपल्याकडील मंडळींस रुचते आणि तिच्यात गैर काही नाही. मात्र मग दोन्ही खोल्यांत स्वतंत्र पलंग हवेत. मधल्या दाराने जोडलेल्या खोल्यांची मागणी संकेतस्थळावर केवळ विनंती म्हणून नोंदली जाते व ती पुरी होईलच असा भरवसा नसतो. हिल्टनने २०२१ पासून अशा खोल्या आरक्षणाच्या वेळीच निश्चित करून देण्याची सोय केली आहे, इतरत्र हॉटेलास पत्र लिहून कबुली घ्यावी लागते. तथापि मुले खरोखर मोठी असतील तर हे मधले दार हवेच कशाला, असा माझा प्रश्न आहे. वृद्ध आजी-आजोबा सोबत असता त्याचे मोल मोठे. अन्यथा एक खोली दुसऱ्या मजल्यावर आणि दुसरी पाचव्यावर पडली तरी बिघडत नाही, किंबहुना काही कुटुंबांत सहल त्यामुळेच गोडीने पार पडते. नवविवाहित मुलगा व सून बरोबर असतील तर त्यांना त्यांच्या पसंतीचे निराळे हॉटेल, त्याच ट्रामच्या मार्गावर, घेऊ द्यावे आणि सकाळी नऊला चौकात भेटावे; सासूबाईंनी ही सूचना स्वतःहून केली तर तिचा प्रभाव कैक वर्षे टिकतो.

ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात आणखी एक उत्तम सोय असते, जिच्याकडे आपले लोक फारसे वळत नाहीत. विद्यार्थी सुट्टीवर गेले की विद्यापीठे आपली वसतिगृहे प्रवाशांस देतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची वसतिगृहे शहराच्या मध्यभागी आहेत. खोल्या साध्या, बऱ्याच एकेकट्या, सोयी माफक. परंतु प्रत्येकास स्वतःचे दार मिळते, आणि चार एकेकट्या खोल्यांचा दरही कित्येकदा हॉटेलच्या दोन खोल्यांहून उतरतो.

जपान हे अगदी निराळे प्रकरण. तेथे पुष्कळ ठिकाणी दर खोलीचा नसून माणशी असतो, म्हणून चौघांचा शोध चौघांचाच घ्यावा. शहरी हॉटेलांत 'सेमी-डबल' म्हणून जो पलंग येतो तो एकशे वीस सेंटिमीटरचा, म्हणजे एकाच माणसाला ऐसपैस. उलट पारंपरिक रयोकानमध्ये चटईच्या जमिनीवर चार अंथरुणे घालून चार प्रौढांनी एका खोलीत निजणे हा तेथील शिरस्ताच आहे, आणि आपल्याकडील लग्नघरात वाढलेल्या माणसास त्यात परके काही वाटू नये. माझा दारांचा नियम येथे मी खुशीने बाजूस ठेवतो, एक-दोन रात्रींपुरता. स्नानगृहे स्त्री-पुरुषांची वेगळी व सामायिक असतात. शाकाहारी असाल तर आरक्षणापूर्वीच विचारावे, कारण तेथील रश्शात मासळीचा अर्क असतोच असतो आणि पुष्कळ ठिकाणी निराळा स्वयंपाक करून देण्यास नकार मिळतो.

व्हिसाचा व मुक्कामाचा संबंध निकटचा आहे. शेंगेन देशांसाठी अठरा वर्षांवरील मुलाचा अर्ज त्याच्या स्वतःच्या सहीने, स्वतःच्या उत्पन्नाच्या वा शिक्षणाच्या दाखल्यांसह जातो, आणि प्रवासातील प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा त्यास जोडावा लागतो. येथे एक बारीक खोच आहे: आरक्षण वडिलांच्या नावे असून कागदावर 'प्रौढ चार' एवढेच छापलेले असेल, तर मुलाच्या अर्जास तो पुरावा अपुरा ठरू शकतो. चौघांची नावे पारपत्रातील स्पेलिंगप्रमाणे कागदावर आणवून घ्यावीत. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपर्यंत करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमाही प्रत्येकाचा लागतो. व्हिसा हाती येईतो आरक्षण रद्द करता येण्याजोगेच असावे, मग त्यास थोडा जादा दर पडो. आणि रद्द करण्याची मुदत त्या गावच्या घड्याळाप्रमाणे मोजली जाते हे लक्षात ठेवावे. केवळ अर्जापुरते आरक्षण करून मागाहून ते सगळेच मोडण्याची जी टूम निघाली आहे ती जोखमीची आहे.

कित्येक कुटुंबांत आता मूल बरोबर निघत नाही, तिकडेच असते: आखेनला शिकणारा मुलगा, बॉस्टनला नोकरी करणारी मुलगी. मुलाच्या पदवीदान समारंभासाठी आईवडील निघतात आणि त्या आठवड्यात विद्यापीठाच्या गावातील एकूण एक खोली महिनोन् महिने आधीच गेलेली असते. तारीख जाहीर होताच आधी खोली धरावी, विमानाचे पुढे पाहावे. मुलीच्या भाड्याच्या घरात आपण चार आठवडे राहू असे गृहीत धरण्यापूर्वी तिच्या भाडेकराराची पाहुण्यांविषयीची कलमे तिला वाचावयास सांगावीत. आणि मुलगी एका शहरातून, आईवडील मुंबईहून, अशी मंडळी निरनिराळ्या वेळी हॉटेलात पोचणार असतील तर प्रत्येक खोलीच्या नोंदीत तेथे राहणाऱ्याचे नाव असलेच पाहिजे. वडिलांच्या नावची खोली, वडील विमानात, आणि लेक टेबलापाशी ओळख पटवीत उभी, अशा वेळी किल्ली न देणारा कारकून नियमाप्रमाणेच वागत असतो. लास व्हेगासमध्ये बहुतेक ठिकाणी खोलीचा ताबा घेणाऱ्याचे वय एकवीस पुरे लागते, हेही तिकडे मुलांस आधी धाडणाऱ्यांनी जाणून असावे.

आरक्षणाचे काम हल्ली घरातील तरुणच करतात, आणि करू द्यावे. त्यांची बोटे सराईत असतात. परंतु दाराचा सांकेतिक क्रमांक, यजमानाचे निरोप, किल्लीच्या पेटीची जागा हे सर्व त्यांच्या एकट्याच्या फोनवर राहता कामा नये. एक छापील कागद आईच्या पर्समध्ये असावा. तसेच ज्या कार्डावर पैसे भरले ते कार्ड आणि तो कार्डधारक हजर असावा लागतो, अशी अट काही ठिकाणी असते; अनामत म्हणून जी रक्कम रोखून धरली जाते ती क्रेडिट कार्डावर धरवावी, कारण डेबिट वा प्रवासी कार्डावर धरली तर तेवढे पैसे सुटेपर्यंत खरोखरच अडकून पडतात. यंत्रावर 'रुपयांत भरता काय' असा प्रश्न आला तर नकार देऊन स्थानिक चलनातच भरावे. रुपयांचा दर तेथे हॉटेलच्या मध्यस्थाच्या मर्जीने लागतो.

शेवटी पोचण्याच्या वेळेचे पाहावे. मुंबईहून युरोपास जाणारी पुष्कळ विमाने मध्यरात्र उलटल्यावर सुटतात. बारा तारखेच्या पहाटे दोनला निघणारा माणूस अकराच्या रात्रीच घर सोडतो, आणि या घोटाळ्यात आरक्षणाची तारीख एका दिवसाने चुकते. पोचतो तो सकाळी सात-आठला, तर खोली मिळते दुपारी तीनला. चौघांनी स्नानावाचून सात तास हिंडण्यापेक्षा, दोन खोल्यांपैकी एकच खोली आदल्या रात्रीपासून घ्यावी. सकाळी ती तयार असते. आळीपाळीने स्नाने उरकतात, वडीलमंडळी तासभर पाठ टेकतात, मुले कॉफीच्या शोधात बाहेर पडतात, आणि दुसऱ्या खोलीची वाट पाहणे जड जात नाही. मात्र आपण त्या रात्री न येता दुसऱ्या सकाळी येणार आहोत हे हॉटेलास आठवडाभर आधी पत्राने कळवून उत्तर मागवावे. नाही तर रात्री बारापर्यंत कोणी फिरकले नाही असे समजून ते त्या खोलीचे सबंध आरक्षणच रद्द करतात.